जुन्या स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनमधला आवाज शोधायचा कसा?

खळग्यावरून गाडी गेली की पुढून डावीकडे 'टक्' होतं. बुश (जोडातली रबरी गादी) बदलले, टक् तशीच. बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारे गोल जोड) बदलले, तरी टक्. शेवटी शॉकॲब्सॉर्बरही नवे कोरे आले आणि आवाज मात्र जुनाच राहिला. क्लासिक गाड्या सांभाळणाऱ्यांना ही कथा तोंडपाठ असते. बदललेल्या भागांपैकी काही खरोखरच झिजलेले असतील, पण आवाज कुठून येतो हे सिद्ध होण्याआधीच पाना हातात घेतलेला असतो.

हा लेख त्या सिद्ध करण्याबद्दल आहे. माझी कसोटी एकच: तो आवाज तुम्हाला हवा तेव्हा काढता आला पाहिजे आणि हवा तेव्हा बंद करता आला पाहिजे. एखादा जोड सोडवला, आवळला किंवा ओला केला की आवाज थांबतो आणि पूर्ववत केला की परत येतो, एवढं दिसलं की खुशाल भाग मागवा. तोपर्यंत हाती असतो तो फक्त संशयित.

जुन्या गाडीत हे काम जास्त जड जातं. एक तर गाडीचा पत्रा आवाज वाहून नेतो. मागच्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलमधली, म्हणजे त्याच्या टोकाच्या झुलत्या कडीमधली, खडखड सीटखालून आल्यासारखी वाटते, पुढच्या विशबोनमधली (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हातामधली) टक् स्टिअरिंगच्या दांड्यातून चढून थेट हातात येते. दुसरं, चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत जवळजवळ प्रत्येक जोडात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) टोकाला प्ले सापडला म्हणजे आवाजही तिथलाच, असं होत नाही. तो प्ले बदलण्यासारखा असेल आणि तरीही मुका असेल. आणि तिसरं म्हणजे आपल्या हातांची ताकद. गाडी उचलून चाक हलवताना आपण लावतो तो जोर, आणि खळग्यात चाक आदळताना त्याच जोडावर येतो तो जोर, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हाताला घट्ट लागणारा बोल्ट रस्त्यावर सरकू शकतो.

आधी गाडी रिकामी करा

कंटाळवाणी पायरी आहे, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. डिक्कीतला जॅक, पाने, स्टेपनी, सगळं बाहेर काढा. बॅटरीची पट्टी आवळलेली आहे का ते पाहा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, मागच्या ॲक्सलच्या जवळ बसतात आणि तिथली सैल बॅटरी मागच्या सस्पेन्शनसारखीच वाजते. सीटचे रूळ, दाराची कुलुपं, बॉनेटचा खटका, नंबर प्लेट, कापडी छपराची सांगाडापट्टी हे सगळं हाताने थोपटून बघा. मग सायलेन्सर. त्याच्या रबरी लटकण्या ताणून लांब झालेल्या असतील तर पाइप ॲक्सलला किंवा तळाच्या पत्र्याला टेकतो, आणि ती ठोक हुबेहूब बुश गेल्यासारखी ऐकू येते. पाइप जिथे घासतो तिथे चकचकीत डाग पडलेला असतो.

चाकाचे नटही याच वेळी तपासून घ्या. तारांची चाकं आणि मध्ये एकच मोठा ठोकायचा नट अशी रचना असेल तर तो नट पुरेसा बसला आहे का ते तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने पाहा. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला हा नट सुटतो. म्हणून डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. पूर्वी कुणी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काढून बाजू बदलून बसवले असतील तर नट चालता चालता सैल होणार. तसं आढळलं तर आवाजाचा शोध थांबवून आधी तेच दुरुस्त करा, कारण तिथे प्रश्न चाक निघण्याचा आहे.

आवाजाचं वर्णन लिहून ठेवा

'काहीतरी वाजतंय' या वाक्याचा उपयोग नाही. कागदावर लिहा: एकदाच होणारी टक् की सलग खडखड? धातूवर धातू, की रबर पिळल्यासारखी कुरकुर? गाडी थंड असताना, की अर्ध्या तासाने? कोरड्यात येतो आणि पावसात जातो का? एकट्याने चालवताना येतो, की शेजारी कुणी बसल्यावर? पेट्रोलची टाकी भरली की बदलतो का?

यातली काही उत्तरं बरंच सांगून जातात. पावसात गायब होणारी कुरकुर म्हणजे बहुधा कोरडं रबर किंवा पॉलियुरेथेनचे बुश, नाहीतर पाट्यांच्या पानांमधलं घर्षण. बारीक खडबडीत रस्त्यावर हलकी खडखड आणि मोठ्या उंचवट्यावर मात्र शांतता असेल, तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक, ब्रेक पॅड किंवा शॉकॲब्सॉर्बरची टोकं बघायला हवीत: तिथे थोडीशी ढिली जागा असते आणि मोठ्या वजनाखाली ती एका बाजूला दाबली जाऊन गप्प बसते. याउलट फक्त मोठ्या दणक्यालाच धातूचा 'धड्' आला तर बंप स्टॉपचं (चाक पूर्ण वर गेल्यावर दणका झेलणारं) रबर झडून गेलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि दणका बसून चाक खाली लोंबल्यावर आवाज आला तर स्प्रिंगकडे पाहा. गाडी खाली बसवण्यासाठी कुणी आखूड स्प्रिंग टाकल्या असतील तर चाक पूर्ण खाली गेल्यावर स्प्रिंग आपल्या बैठकीत मोकळी होते आणि परत येताना खणकन बसते.

आणखी एक प्रश्न, सगळ्यांत महत्त्वाचा: आवाज सुरू होण्याआधी गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं होतं? नुकताच बसवलेला भाग हा माझ्या यादीत नेहमी पहिला असतो. नवा म्हणजे निर्दोष, हा समज जुन्या गाड्यांच्या बाबतीत महागात पडतो. आज मिळणारे बरेच सुटे भाग मूळ कारखान्याचे नसतात, आणि मापात किंचित फरक असला की जोड आवळूनही सैल राहतो.

रस्त्यावरची परीक्षा

खरा शोध इथे लागतो, म्हणून इथे वेळ द्या. वाहतूक नसलेली सपाट जागा आणि एखादा ओळखीचा उंचवटा एवढं पुरे. वेग कमी ठेवा. ताशी दहा ते तीस किलोमीटरमध्ये बहुतेक आवाज निघतात आणि इंजिन, वारा मध्ये येत नाहीत. एक जण गाडी चालवेल आणि दुसरा ऐकेल, अशी वाटणी केली तर उत्तम. खिडकी उघडी ठेवून लांबलचक भिंतीला लागून गाडी न्या; भिंत त्या बाजूचा आवाज कानात परत टाकते. मग उलट दिशेने या, म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येते.

आता एकेक चाक वेगळं करा. उंचवट्यावरून आधी फक्त डावी चाकं न्या, मग फक्त उजवी, मग दोन्ही एकदम. एका बाजूचं चाक वर गेल्यावर आवाज येतो आणि दोन्ही एकत्र गेल्यावर येत नाही, असं झालं तर अँटी-रोल बारवर संशय पक्का होतो, कारण दोन्ही चाकं सारखी वर गेली की बार पिळला जात नाही, नुसता त्याच्या बुशमध्ये फिरतो. पुढचं आणि मागचं चाक उंचवट्यावर चढण्यातला कालावधीही ऐका. कमी वेगात तो स्पष्ट असतो, आणि आवाज पुढचा की मागचा याचा निकाल कानांपेक्षा या कालावधीवरून जास्त खात्रीने लागतो.

मग ब्रेक. हळू पुढे जा, ब्रेक मारून थांबा, रिव्हर्समध्ये मागे या, ब्रेक मारून थांबा. प्रत्येक वेळी दिशा बदलल्यावर एकच टक् येते का? आणि दिशा न बदलता पुन्हा पुढेच जाऊन ब्रेक मारला तर ती येत नाही का? असं असेल तर काहीतरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतं आणि तिथेच थांबतं. विशबोनचा बुश, ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), तारांच्या चाकाच्या झिजलेल्या खाचा, पाट्यावर ॲक्सल आवळून धरणारे यू-बोल्ट, हे सगळे असंच वागतात. खडखडीच्या बाबतीत वेगळा प्रयोग करा: खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर पाय नुसता टेकवा. खडखड थांबली तर लगेच 'पॅड सापडले' म्हणू नका, कारण पुढच्या ब्रेकमुळे विशबोनवरही ताण येतो आणि तिथला प्लेही गप्प होतो. हँडब्रेक एक-दोन दात ओढून तीच परीक्षा करा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर पुढचं सस्पेन्शन या प्रयोगात तसंच राहतं. तरीही खडखड थांबली तर शोध मागे न्यायचा.

क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर दाबून-सोडून येणारी ठोक सस्पेन्शनची नसून प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसची म्हणजे सांध्याची, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) माउंटिंगची किंवा इंजिनच्या रबराची असू शकते. मागचा ॲक्सल पाट्यांवर असेल तर मात्र दोन्ही शक्यता एकत्र येतात, कारण तिथे इंजिनाचा रेटा आणि ब्रेकचा ताण पाटेच झेलतात.

चाकाबरोबर फिरणारा आवाज असेल तर थोडं गणित करा. क्लासिक स्पोर्ट्स कारच्या नेहमीच्या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास तीन फेरे घेतं. आवाज याच ठेक्यात असेल तर तो चाक, हब, टायर किंवा ब्रेकच्या चकतीचा. प्रोपेलर शाफ्ट त्याहून कितीतरी जलद फिरतो. एमजीबीच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.९०९ आहे, म्हणजे तिथे तोच शाफ्ट सेकंदाला अकरा-बारा फेरे घेईल. तीन आणि बारा यांतला फरक घड्याळाशिवायही कळतो. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत नेली आणि आवाज तसाच राहिला तर इंजिन बाद. हा प्रयोग इंजिन चालू ठेवूनच करा, आणि तोही मोकळ्या सपाट जागेतच.

वळणावर घरघर वाढते की कमी होते हेही पाहा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं; तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग आधी तपासा.

गाडी उचलताना

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. टणक, सपाट जमीन, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि गाडी स्टँडवर टेकवल्यावर तिला बाजूने जोरात हलवून पाहणं, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्टँड जिथे लावणार तिथला पत्रा गंजलेला नाही ना, हे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. रंगाखाली पोकळ झालेला पत्रा वजन घेतो घेतो आणि मग बसतो.

चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग नऊ आणि तीनच्या जागी. उभ्या दिशेला प्ले लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा (चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खुंटाचा). आडव्या दिशेचा प्ले बहुधा टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅककडे नेतो. बेअरिंगमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असू शकते हे विसरू नका. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये शिम (पातळ चकत्या) घालून ०.०५ ते ०.१० मिलिमीटर मोकळीक ठेवायची असते. ती शून्यावर आणण्याच्या उत्साहात बेअरिंग जाळून घेऊ नका.

बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून असतं. स्प्रिंग खालच्या विशबोनवर बसत असेल तर चाक लोंबकळत ठेवल्यावर स्प्रिंग त्या जोडाला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. जॅक खालच्या विशबोनखाली, चाकाच्या जितक्या जवळ जमेल तितका लावा, म्हणजे स्प्रिंग दबते आणि जोड मोकळा होतो. स्प्रिंग वरच्या विशबोनवर असेल तर उलट: वरचा हात आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकून मग गाडी चेसिसवर उचला. मग चाकाखाली पहार घालून वर उचकटा आणि जोडाकडे नजर ठेवा. बोट जोडावर ठेवलं तर डोळ्यांना न दिसणारी हालचालही कळते.

पहार वापरताना हात जरा आवरता घ्या. रबरी बुश दबणारच, त्यासाठीच तो आहे. पाहायचं ते एवढंच की रबर आपल्या धातूच्या नळीपासून सुटलंय का, आणि नळी बोल्टवर किंवा कंसात सरकते का. जिथे धातू धातूवर हलतो तिथे लालसर-तपकिरी भुकटी पडलेली असते, किंवा जुन्या मळात एक स्वच्छ चकचकीत चंद्रकोर उमटलेली असते. टॉर्च घेऊन अशा खुणा शोधण्यात घालवलेला अर्धा तास पहारीने केलेल्या धिंगाण्यापेक्षा जास्त देतो. म्हणूनच तपासणीआधी गाडीचं पोट धुऊ नका. पुरावा धुतला जातो.

याच फेरीत स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं हाताने चाचपून घ्या; तुटलेला तुकडा बैठकीत अडकून राहतो आणि लांबून स्प्रिंग धड दिसते. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो, डाव्या आणि उजव्या बाजूचं अंतर मोजलं की ते लगेच कळतं. अँटी-रोल बारचे बुश आणि कंस, स्टिअरिंग रॅकचे क्लॅम्प, सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणाऱ्या वेगळ्या चौकटीचे) बोल्ट हे पाहा. आणि शेवटी ज्या पत्र्याला हे सगळं जोडलंय तो पत्रा. माउंटिंगच्या भोवती रंगाला केसासारखी चीर दिसली तर तिथे थांबा.

वजन चाकांवर असताना

चाकं लोंबकळत असताना मिळालेलं 'सगळं ठीक आहे' हे उत्तर अर्धवट असतं. बरेच जोड गाडी स्वतःच्या पायांवर उभी असतानाच बोलतात. गाडी रॅम्पवर चढवा किंवा खड्ड्यावर उभी करा, मदतनिसाला गाडीचा कोपरा दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही एकेक जोडावर हात ठेवा. बोटं वेटोळ्यांच्या किंवा हातांच्या मध्ये जाणार नाहीत एवढं जपा. टक् कानाने ऐकण्यापेक्षा हाताला लवकर कळते. बरोबर जोड सापडला की हाताला झटका बसतो, शेजारच्या जोडावर नुसती थरथर लागते.

इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेली) गाडी असेल तर त्या वेळी स्प्रिंगला हलकेच हात लावून ठेवा. स्प्रिंग गुळगुळीत फिरण्याऐवजी अडून अडून उडी मारत असेल तर वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग अडकलंय. डॅट्सन २४० झेडसारख्या गाडीत स्ट्रटच्या नळीत बदलता येणारा शॉकॲब्सॉर्बर बसतो आणि वरून एक मोठा नट त्याला दाबून धरतो. हा नट सैल असेल किंवा आतला भाग नळीपेक्षा किंचित आखूड असेल तर प्रत्येक खळग्याला ठोक येते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

कुरकुर असेल तर पाण्याची फवारणी हे सगळ्यांत स्वस्त यंत्र आहे. एका बुशवर थोडं पाणी मारा, गाडी दाबा, ऐका. मग पुढचा बुश. ज्या फवाऱ्यानंतर कुरकुर थांबली तो तुमचा बुश, आणि पाणी सुकल्यावर ती परत आली तर शंकाच उरत नाही. गंज सोडवणारं तेल सगळीकडे एकदम फवारू नका. दोन दिवस शांतता मिळते, कोणत्या जोडामुळे ते कळत नाही, आणि रबर फुगतं ते वेगळंच.

कान लांब करा

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उभ्या गाडीवर चांगला चालतो. नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक जोडावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. चालत्या गाडीसाठी मात्र चिमट्यांवर बसणारे मायक्रोफोन लागतात. चार-सहा मायक्रोफोन वेगवेगळ्या जोडांना लावायचे आणि आत बसून एकेक वाहिनी ऐकायची. वायर आणि चिमटे फिरत्या भागांपासून, सायलेन्सरपासून लांब बांधा. पहिल्या फेरीत पुढचे दोन आणि मागचे दोन कोपरे, दुसऱ्या फेरीत ज्या कोपऱ्यात आवाज मोठा त्याच कोपऱ्यातले चार जोड, असं आत आत जा. आवाज सगळ्याच वाहिन्यांवर येतो, म्हणून मोठेपणाबरोबर धारही ऐका: उगमाजवळची टक् टोकदार असते, पत्र्यातून प्रवास करून आलेली बोथट होते.

लहान कॅमेरा चाकाकडे तोंड करून घट्ट बसवला तरी बरंच दिसतं. मंद गतीत पाहिल्यावर ॲक्सल पाट्यावर सरकताना किंवा लिंक कंसाला टेकताना सापडते. काहीतरी कुठेतरी आपटतंय एवढाच संशय असेल तर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी त्या फटीत चिकटवा. फेरी मारून आल्यावर गोळी चपटी झाली असेल तर उत्तर मिळालं. बोल्ट आणि कंस यांच्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवली तर सरकणारा बोल्टही असाच उघडा पडतो.

एकेक बाद करत जा

दोन संशयित उरले की एकाला तात्पुरतं रजेवर पाठवा. अँटी-रोल बारच्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवून बार बांधून ठेवा आणि हळू वेगात तोच उंचवटा घ्या. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून मोकळ्या रस्त्याला लागायचं नाही. आवाज गेला तर बार, त्याच्या लिंक किंवा कंस; राहिला तर एवढा सगळा पसारा यादीतून बाहेर. तारांची चाकं पुढची मागे बदलून पाहा. आवाज चाकाबरोबर गेला तर खाचा चाकातल्या झिजल्या आहेत. जागेवरच राहिला तर हबच्या. बुशमधून जाणारे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर ठेवून, पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळा. नुसता टॉर्क पाना लावून 'क्लिक' आलं म्हणून बोल्ट घट्ट आहे असं समजू नका. गंजलेला आटा अडून बसतो आणि पाना फसतो.

स्टिअरिंगचे जोड, बॉल जॉइंट, विशबोनचे मुख्य बोल्ट यांच्यावर 'काढून चालवून पाहू' हा प्रयोग करायचा नाही, हे सांगायला नको. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकत्र केल्या आणि आवाज गेला तर तुम्हाला शांतता मिळाली, पण ज्ञान मिळालं नाही. आवाज परतला की सुरुवात पुन्हा पहिल्यापासून.

ज्या गाडीची जी खोड

प्रत्येक मॉडेलची आपली एक जुनी खोड असते. एमजीबी, म्हणजे १९६२ ते १९८० दरम्यान बनलेली गाडी, पुढे लिव्हर आर्म प्रकारचा शॉकॲब्सॉर्बर वापरते आणि त्याचा हात हाच वरचा विशबोन असतो. म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा दांडा झिजला की चाकाचा कोन आणि आवाज दोन्ही बिघडतात. मागच्या बाजूला त्याच्या छोट्या लिंकचं रबर गेलं की ॲक्सल तुटल्यासारखी ठोक येते. लिंक सोडवून लिव्हर हाताने वर-खाली करून पाहा: विरोध दोन्ही दिशांना सलग लागला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागली तर आत तेल कमी आहे किंवा हवा शिरलीय.

ट्रायम्फ स्पिटफायर आणि जीटी६ च्या पुढच्या उभ्या लिंकच्या तळाशी असलेल्या ट्रनियनला (आट्यांवर वळणाऱ्या जोडाला) ग्रीस नव्हे, ९० नंबरचं गिअर तेल लागतं. तिथे ग्रीस भरून ठेवलं तर आट्यांपर्यंत वंगण पोहोचत नाही, पाणी शिरतं आणि शेवटी लिंकच तुटू शकते. त्या भागातून कुरकुर आली किंवा स्टिअरिंग जड झालं तर गाडी बाजूला उभी करून आधी तेच उघडा. ट्रायम्फ टीआर६ मध्ये क्लच सोडताना मागून ठोक आली तर डिफरन्शियल धरणारे खुंट आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा चिरलाय का ते पाहा. त्याच गाडीच्या मागच्या अर्ध्या शाफ्टमध्ये सरकणाऱ्या खाचा असतात. त्या कोरड्या पडून अडकल्या की वळणावर गाडी मागून हलका हिसका देते.

जग्वार ई-टाइपचं मागचं सस्पेन्शन डिफरन्शियल आणि आतल्या बाजूच्या ब्रेकसकट एका पिंजऱ्यात बसतं, आणि तो पिंजरा रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. रबर धातूपासून सुटलं की सगळा पिंजराच हलतो. शिवाय तिथे चाक फिरवणारा अर्धा शाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे, त्यामुळे क्रॉस झिजला की ठोक तर येतेच, चाकाचा कोनही हलतो. २४० झेडच्या मालकांना गाडी सुटताना येणारी मागची ठोक ओळखीची असेल. डिफरन्शियलचं पुढचं माउंटिंग फाटलेलं आणि त्याला वरून रोखणारा पट्टा ढिला पडलेला, ही तिथली नेहमीची जोडी.

दोषी सापडल्यावर

रबरी बुश बसवताना त्यातून जाणारा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि ते पिळूनच काम करतं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची बिघडते आणि थोड्याच काळात बुश फाटतो. आधी बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी दाबून-सोडून स्थिर होऊ द्या, मग टॉर्क.

पॉलियुरेथेनचे बुश वेगळे. ते नळीभोवती फिरतात. त्यांना सिलिकोनचं ग्रीस लागतं, आणि बसवण्याआधी कंसातला गंज व रंगाचे ओघळ साफ केले नाहीत तर नवी कुरकुर ठरलेली. माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या गाडीत, मूळ दर्जाचं रबर मिळत असेल तर तेच घाला. पॉलियुरेथेन जास्त टिकतं, पण बारीक खडखड आत पोहोचवतं, आणि मग पुढचा आवाज शोधणं आणखी अवघड होतं.

एका बाजूचा बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. काढलेल्या बोल्टची मान झिजून बारीक झाली असेल तर तोही बदला. झिजलेल्या बोल्टवर नवा बुश घातला तर टक् तशीच राहील. एकदाच वापरायचे नट आणि कॉटर पिन नव्याच घ्या. विशबोन, टाय रॉड किंवा स्ट्रटला हात लावला असेल तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की ज्या ज्या बोल्टला पाना लावला होता ते सगळे पुन्हा तपासा, यू-बोल्ट तर नक्कीच.

मग तोच उंचवटा, तोच वेग, खिडकी उघडी. मोठी ठोक गेल्यावर तिच्याखाली दबलेली एखादी बारीक खडखड आता ऐकू येऊ लागते. ती दुरुस्ती फसल्याची खूण समजू नका; नवा कागद घ्या आणि तिचं वर्णन वेगळं लिहा.